अबार्थ पुंटो

अबार्थ पुंटो ही फियाट कंपनीने २०१५ साली भारतीय बाजारात आणलेली, टर्बोचार्ज्ड पेट्रोल इंजिनाची छोटी स्पोर्ट्‌स कार आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे टाटा मोटर्स आणि फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात तिचे उत्पादन होत असे. फियाटने भारतातील मोटारविक्री बंद केल्यापासून ही गाडी केवळ वापरलेल्या वाहनांच्या बाजारात मिळते. गाडी चालवण्याचा आनंद मानणाऱ्यांमध्ये तिला आजही मागणी आहे.

पार्श्वभूमी

कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत स्थापन केलेली कंपनी फियाटच्या साध्या मोटारींना शर्यतीयोग्य रूप देण्यासाठी प्रसिद्ध झाली. तिचे विंचवाचे बोधचिन्ह कार्लो यांच्या वृश्चिक राशीवरून आले आहे. १९७१ मध्ये फियाटने ही कंपनी विकत घेतली. भारतात अबार्थ पुंटोची शोरूम किंमत सुरुवातीस दिल्लीत ९.९५ लाख रुपये होती.

रचना आणि चालवण्याचा अनुभव

गाडीत १३६८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे टी-जेट इंजिन आहे. ते १४५ पीएस शक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. गिअर पाच असून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग ८.८ सेकंदांत गाठता येतो, असा कंपनीचा दावा होता.

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवतात आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र जास्त हवा सिलिंडरांत दाबते. इंजिन मंद फिरत असताना हा दाब पुरेसा तयार होत नाही. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या करूळ, फोंडा किंवा आंबोली घाटात ही गोष्ट चटकन लक्षात येते. परतीच्या चढणीवर तीव्र वळणात वरचा गिअर तसाच ठेवला, तर गाडी क्षणभर रेंगाळते आणि मग एकाएकी झेप घेते. सर्व जोर पुढच्या चाकांवर जात असल्याने ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पेडलवरचा पाय आवरता असावा लागतो.

वापरलेली गाडी घेताना

उत्पादन बंद झालेल्या गाडीची मागितलेली किंमत हा तिच्या एकूण खर्चाचा केवळ पहिला भाग असतो. थंड इंजिन चालू करून धुराचा रंग पाहणे उपयुक्त ठरते; सतत येणारा निळसर धूर इंजिनात तेल जळत असल्याचे दर्शवतो. टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी झाले असले तरी वयानुसार जीर्ण होतो आणि तो तुटल्यास इंजिनाची मोठी हानी होऊ शकते. लिनिया टी-जेटमध्येही याच कुळातील इंजिन असल्याने काही सुट्या भागांचा शोध थोडा सोपा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात व शिरोलीत ओतकाम आणि यंत्रकामाची परंपरा मोठी आहे. तरीही इंजिननियंत्रक संगणकासारखा भाग लेथवर घडवता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवलेल्या गाड्याही विक्रीस येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करण्यास मनाई आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा बंदिस्त मार्ग असून तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कोल्हापूरच्या एमएच-०९ मालिकेतील गाडी राज्यातच विकली, तर विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवणे आवश्यक असते. व्यवहारात हे काम बऱ्याचदा खरेदीदारावर सोपवले जाते आणि ते तसेच राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, असा निर्णय दिला. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती.