पहिला कॅमेरा : आधी भिंग पाहा!

अनंत चतुर्दशीची रात्र. लक्ष्मी रस्त्यावर ढोल घुमत आहेत. तुम्ही फोटो काढता. पण वादकाचे हात पुसट येतात. का बरे? प्रकाश कमी, म्हणून कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहिली!

पहिला डिजिटल एसएलआर थोड्या पैशांत घ्यायचा असेल, तर हे गणित करून पाहा. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की भिंगाच्या छिद्राचा व्यास मिळतो. कॅमेऱ्यासोबत येणारे १८-५५ मि.मी.चे भिंग ५० मि.मी.वर साधारणतः एफ ५.६ इतकेच उघडते. व्यास ९ मि.मी. ५० मि.मी., एफ १.८ या साध्या भिंगाचा व्यास मात्र २८ मि.मी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रकाश नऊपटींहून अधिक! १/१५ सेकंदाचे काम १/१२५ सेकंदात होते.

म्हणून कॅमेरा जुना, वापरलेला घ्या आणि वाचलेले पैसे भिंगावर खर्च करा. मात्र निकॉन डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. ती भिंगात आहे ना, हे आधी तपासा. शिवाय या भिंगात दृश्य कमी मावते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पूर्ण हवा असेल, तर चार पावले मागे सरकायची तयारी ठेवा!