विश्लेषण : ऊसतोड पालक मनातले कधी बोलतात? शिक्षण योजनांसाठी ‘फोकस ग्रुप’ कसे घेतात?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड, जालना, परभणी आणि अहिल्यानगरच्या काही भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. त्या परततात थेट मार्च-एप्रिलमध्ये. मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. आई-वडील फडावर गेले, तरी मूल आजी-आजोबांकडे राहते, शाळेत जाते आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती पाहते. सोय असूनही अनेक पालक मुलांना सोबत नेतात. कारण विचारायला ग्रामसभा किंवा पालकसभा घेतली, तर उत्तर एकच मिळते : ‘सगळं चांगलं आहे, साहेब.’ ‘फोकस ग्रुप’ म्हणजेच केंद्रित गटचर्चा उपयोगी पडते ती इथे.

ही पद्धत आली कुठून?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पॉल लाझार्सफेल्ड यांचे काम पाहायला गेले होते. काही श्रोते रेडिओ कार्यक्रम ऐकत होते आणि तो आवडला तर हिरवे, नावडला तर लाल बटण दाबत होते. नंतर त्यांना कारणे विचारली जात. विचारणारा नकळत आपलेच उत्तर लोकांच्या तोंडी घालतो आहे, हे मर्टन यांना खटकले. त्यातून ‘केंद्रित मुलाखती’ची पद्धत घडली आणि १९५६ मध्ये त्यावर पुस्तकही आले. पुढे साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांनी ती उचलली; आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रात ती रुळली ती बरीच नंतर. मर्टन यांना खटकलेली चूक मात्र आजही सर्रास होते.

कोणाला एकत्र बसवायचे?

चर्चेचे निम्मे यश याच निर्णयावर ठरते. एका गटात साधारण ६ ते १० जण असावेत आणि एकमेकांसमोर बोलताना त्यांना दडपण येऊ नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. म्हणून समितीलाच बोलावून मोकळे होण्याचा मोह होतो. पण वसतिगृह चालवते तीच समिती. तिच्याच सदस्यांनी स्वतःच्या कारभाराबद्दल काय सांगावे?

त्यामुळे गट वेगवेगळे करावे लागतात : मुलांना सोबत नेणाऱ्या आया, मागे ठेवणाऱ्या आया, वडील, शिक्षक आणि ज्यांच्या जिवावर ही योजना उभी आहे त्या आज्या. आजीला कोणी विचारत नाही. सत्तरीतल्या बाईने वयात आलेल्या नातीची रात्रीची जबाबदारी कशी घ्यायची, हा प्रश्न योजनेच्या कागदावर फारसा दिसत नाही. आज्यांच्या गटात तो पहिल्या दहा मिनिटांत निघू शकतो. टोळीचा मुकादम तर जवळपासही नको. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरून त्यानेच उचल दिलेली असते. त्याच्यासमोर पालक काय बोलणार?

सरपंच आले तर त्यांना उठवता येत नाही. अशा वेळी सोबतच्या सहकाऱ्याने ‘तुमचे म्हणणे सविस्तर घ्यायचे आहे’ असे सांगून त्यांना दुसऱ्या खोलीत न्यावे आणि खरोखरच वेगळी मुलाखत घ्यावी.

वेळ आणि जागा?

टोळ्या निघून गेल्यावर, डिसेंबरात चर्चा ठेवली तर गावात भेटणार कोण? गुढीपाडव्यानंतर पालक परततात, तेव्हा हंगामाच्या आठवणी ताज्या असतात. जागा शक्यतो मुख्याध्यापकांची खोली नसावी. मंदिराचा ओटा किंवा समाजमंदिर बरे. खुर्ची-टेबल न मांडता सगळ्यांनी गोल सतरंजीवर बसावे, चर्चा घेणाऱ्यानेही.

प्रश्न कसा विचारायचा?

‘वसतिगृह चांगले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असते, विषय संपतो. त्याऐवजी ‘गेल्या दिवाळीनंतर मुलीला ठेवायचे की न्यायचे, हे घरात कसे ठरले?’ असे विचारले की एखादी बाई सांगू लागते, दुसरी ‘आमच्याकडे उलटं झालं’ म्हणते. या दोघींमधल्या बोलण्यासाठीच तर गट जमवायचा. स्वतःबद्दल सांगणे अवघड असेल, तर ‘शेजारणीला कशाची काळजी वाटेल?’ असे विचारता येते.

साठ ते नव्वद मिनिटांत आठ-दहा प्रश्नांपेक्षा जास्त मावत नाहीत. तीस प्रश्नांची यादी घेऊन आलेला माणूस गटचर्चा नव्हे, हजेरी घेतो. एकाने बोलते करावे, दुसऱ्याने टिपावे : कोण बोलले, कोण गप्प राहिले, कशावर सगळ्या हसल्या. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर लगेच पुढे सरकू नये. पाच-सात सेकंद थांबले, की बहुधा कोपऱ्यातली बाई बोलते. मुलांचे गट आणखी लहान असावेत, वेळही अर्ध्या-पाऊण तासापुरती. ‘तुमचा दिवस काढून दाखवा’ म्हटले, की ती चित्रातून बरेच सांगतात.

काय कबूल करू नये?

सुरुवातीला संमती घ्यावी लागते. मुलांच्या बाबतीत पालकांची आणि मुलांचीही. ध्वनिमुद्रण सर्वांनी होकार दिला तरच. ‘इथले बोलणे बाहेर जाणार नाही’ अशी हमी मात्र देऊ नये, कारण इतर सात जण काय करतील यावर कोणाचा ताबा नाही. शिवाय एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. अल्पवयात ठरलेले लग्न, मारहाण, कर्ज असे विषय गटात कोणाला थेट विचारूच नयेत. त्यासाठी एकट्याची मुलाखत आहे.

हाती काय लागते?

टक्केवारी लागत नाही. ‘आठपैकी सहा जणी, म्हणजे ७५ टक्के पालक नाराज’ असे अहवालात लिहिणे चूक आहे. किती जणांना अडचण आहे ते सर्वेक्षण सांगते. अडचण काय आहे आणि का, ते गटचर्चा. एका प्रकारच्या एकाच गटावर विसंबू नये. दोन-तीन गावांत तेच मुद्दे पुन्हा येऊ लागले आणि नवे काही निघेनासे झाले, की थांबावे. एका तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. हा वेळ आराखड्यात धरलेला नसतो आणि मग अहवाल आठवणीवर लिहिला जातो. सतरंजीवर बसलेल्या महिलांचा फोटो मात्र त्यात हमखास असतो.

चर्चेतून काय निघाले, हे त्याच बायकांना परत जाऊन सांगण्याचे कामही बहुतेक वेळा राहून जाते. ऊसपट्ट्यात त्यासाठी मुदत ठरलेली आहे : दसऱ्याच्या आत. त्यानंतर ट्रक-ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात, आणि मुलगी मागे राहणार की सोबत जाणार, हे घरात ठरून गेलेले असते.