मॅटवरचे आकडे, मातीवरची चढाई

धानाची कापणी उरकली की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांत कबड्डीचे सामने रंगतात. मैदान मातीचं, पाय अनवाणी. आता समजा, 2014 पासून चाललेल्या प्रो कबड्डीची आकडेवारी शिकवून एक मॉडेल तयार केलं आणि ते इथल्या चढायांचा अंदाज सांगू लागलं. त्यावर विसंबावं का? माझं मत विचाराल तर, लगेच नको.

मॉडेल खेळ शिकत नाही, आकड्यांत वारंवार दिसलेल्या गोष्टी शिकतं. प्रो कबड्डीत मॅट, बूट आणि प्रत्येक हालचाल टिपणारे कॅमेरे. मॅटवर बूट घट्ट रोवून चढाईपटू झटकन वळतो. मातीवर त्याच वळणाला टाच सरकते आणि कोपरारक्षक घोटा धरतो. ही सरकलेली टाच मॉडेलने कधी पाहिलेलीच नसते.

तपासणीतही फसगत होते. एकाच हंगामातल्या थोड्या चढाया बाजूला काढून परीक्षा घेतली, तर गुण भरघोस मिळतात. कारण खेळाडू तेच, मैदानही तसंच. खरी परीक्षा अख्खी एक स्पर्धा झाकून ठेवून घ्यावी लागते. गावोगावच्या प्रशिक्षकांनो, असं सॉफ्टवेअर कुणी दाखवायला आणलं तर आधी एवढंच विचारा: यात मातीवरचे सामने किती?