श्रीशंकराच्या नावे कारभार

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर शिवभक्त अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. इ. स. १७६७ ते १७९५ या काळात होळकरांच्या दौलतीचा कारभार त्यांनी महेश्वरी राहून केला; पण राजाज्ञांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ ही अक्षरे घातली. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, हा त्यामागील भाव. काशीविश्वेश्वराच्या मंदिरासारख्या धर्मकार्यांसाठीही त्यांनी दौलतीचे नव्हे, खासगीचे द्रव्य वेचले. धन्याला हिशेब द्यावयाचा असतो तो आधी स्वतःलाच जाब विचारतो. घराचे, संस्थेचे वा गावाचे धुरीणत्व ज्यांच्याकडे आहे त्यांनी आज बिल्वदल वाहताना मनाशी एवढेच पुसावे : माझ्या निर्णयांखाली शंकराचे नाव घालण्याचे धैर्य मला होईल काय?