साठविलेले पाणी आणि डेंग्यू

पाण्याचे मोल खानदेशातील लहान मुलालाही कळते. तापी, गिरणा, पांझरा या नद्या तेथून वाहतात. तरीही उन्हाळ्यात प्रत्येक घर पाणी जपून वापरते. जळगाव व धुळे या शहरांभोवती नव्या वसाहती वाढत गेल्या. परंतु नळाला रोज पाणी येतेच असे नाही. म्हणून घरोघरी रांजण, पिंपे व टाक्या भरून ठेवाव्या लागतात. या साठवणीतच डेंग्यूच्या डासाला घर मिळते.

डास घाणीत वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ईडिस इजिप्ती हा डास तिला अपवाद होय. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात व तो बहुधा दिवसा चावतो. त्याची मादी स्वच्छ, स्थिर पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूस अंडी चिकटविते. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

हा डास फार दूर उडत नाही. मग रोग गावोगाव कसा पसरतो? डासाची अंडी जुन्या टायरांतून प्रवास करतात आणि रोगाचे विषाणू आजारी माणसाबरोबर येतात. १९६३ साली कोलकाता येथे व १९९६ साली दिल्लीत या रोगाच्या मोठ्या साथी आल्या. आज भुसावळ जंक्शनमुळे आणि धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गामुळे खानदेश दूरदूरच्या शहरांशी जोडलेला आहे. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्यास चावला, की त्यालाही रोग जडतो. तीव्र ताप येतो, सांधे व डोळ्यांमागचा भाग ठणकतो. वेळीच उपचार न झाल्यास प्राणावरही बेतते. विषाणूला मारणारे खास औषध नसल्यामुळे डासांची पैदास थांबविणे, हाच खरा उपाय होय.

याकरिता आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा. त्या दिवशी रांजण, पिंपे व कूलर रिकामे करावेत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. चिकटलेली अंडी निघावीत म्हणून आतील बाजू घासून काढली पाहिजे. मोठ्या टाक्यांना घट्ट झाकण असावे. उघड्या हौदांत गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. काढलेले पाणी मात्र वाया घालवू नये. ते झाडांच्या मुळाशी घातले, तर कोरड्या मातीत अळ्या मरतात आणि झाडही जगते.

पाणी साठविणे हा खानदेशचा जुना गुण आहे. तो सोडावयाचा नाही. त्याला केवळ झाकणाची व दर आठवड्याच्या घासणीची जोड द्यावयाची आहे. कारण एका अंगणातील उघडा रांजण साऱ्या गल्लीला आजारी पाडू शकतो.