जुन्या एसयूव्हीचा आवाज : सायलेन्सर बदलण्यापूर्वी

पंधरा-वीस वर्षे वयाची एसयूव्ही बाळगणारे वाहनधारक साधारणतः दोन प्रकारचे असतात. काहींना गाडी विकवत नाही म्हणून ती दारात उभी असते, तर काहींनी ती हौसेने जुन्या बाजारातून आणलेली असते. दोघांनाही केव्हा ना केव्हा एकाच गोष्टीची ओढ लागते : इंजिनाचा तो घसा बसल्यासारखा आवाज जावा आणि त्या जागी भरदार, खर्जातला आवाज यावा. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसच्या गल्ल्या किंवा पुण्यातील नाना पेठ येथे फेऱ्या सुरू होतात आणि ‘स्पोर्ट्स सायलेन्सर’ या एकाच नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेल्या चार-पाच वस्तू ग्राहकापुढे मांडल्या जातात. त्यांतील कोणती आपल्या गाडीला शोभेल, कोणती कायद्यात बसेल आणि कोणती महामार्गावर डोके उठवील, याचा विचार बहुतेक वेळा पैसे मोजून झाल्यावर होतो.

सायलेन्सरमधून बाहेर पडणारा आवाज म्हणजे वायूच्या दाबाचे एकापाठोपाठ एक बसणारे ठोके. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन ठोके पडतात. इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर फिरत असेल, तर सेकंदाला ६० ठोके होतात. ३००० फेऱ्यांवर ते १०० होतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात फेरीला तीन ठोके पडतात व ते अधिक जवळजवळ येतात, म्हणून त्याचा सूर सलग आणि रेशमी लागतो. मारुतीने २००३ मध्ये आणलेल्या ग्रँड व्हिटारा एक्सएल-७ मध्ये २.७ लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन होते. तो सूर चार सिलिंडरच्या गाडीतून कितीही महागडा सायलेन्सर लावला तरी निघणार नाही. सायलेन्सर आवाजाची पट्टी आणि पोत थोडाफार बदलतो, गाणारा गळा मात्र इंजिनाचाच असतो.

आपल्याकडील जुन्या एसयूव्हींच्या बाबतीत दुसरी अडचण इंधनाची आहे. १९९८ ची टाटा सफारी असो वा २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ, या गाड्यांची ओळख टर्बो डिझेल इंजिनांनी घडवली. डिझेलचा परिचित खडखडाट हा मुख्यतः ज्वलनाचा आणि इंजिनाच्या ब्लॉकमधून येणारा असतो, मागच्या नळीचा त्याच्याशी संबंध थोडा. शिवाय टर्बोचे चाक वायूच्या ठोक्यांतील जोर वाटेतच शोषून घेते. त्यामुळे डिझेल गाडीचा मागचा डबा काढून सरळ नळी लावली, तर टर्बोची शिट्टी आणि घोगरा फुत्कार तेवढा वाढतो. ज्या गुरगुरीसाठी खटाटोप केला ती हाती लागत नाही. डिझेल गाडीवर ‘आवाजासाठी’ मोठा खर्च करणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. याउलट मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन किंवा होंडा सीआर-व्हीसारखी पेट्रोल गाडी सायलेन्सरमधील बदलाला लगेच प्रतिसाद देते.

आधी तपासणी, मग खरेदी

अनेकदा जुन्या गाडीचा आवाज वाईट असतो तो मूळ सायलेन्सरच्या रचनेमुळे नव्हे, तर तो जागोजागी निकामी झाल्यामुळे. सकाळी थंड इंजिन सुरू करताच ‘टिक-टिक’ असा आवाज येऊन पाच-दहा मिनिटांत तो मंदावत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू गळत असण्याची शक्यता दाट असते. धातू तापून फुगला की फट मिटते आणि मालकाला वाटते, आजार बरा झाला. डब्याच्या आतील पडदे गंजून सुटले असतील, तर डबा हलक्या हाताने ठोकल्यावर पत्रा खुळखुळतो. रबरी हँगर कडक होऊन तुटले असतील, तर नळी चासीवर आपटते आणि तो दणका थेट केबिनमध्ये पोहोचतो. गाडी न्यूट्रलमध्ये असताना टेलपाइपच्या तोंडावर क्षणभर जाड कापड दाबून धरावे आणि दुसऱ्याने खाली वाकून कानोसा घ्यावा. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. ही जुनीच, पण आजही कामास येणारी युक्ती आहे. मात्र ती इंजिन थंड असताना आणि उघड्यावरच करावी, बंद गॅरेजमध्ये नव्हे.

एवढी डागडुजी करून मूळ बनावटीचा नवा डबा बसवला, की कित्येकांची हौस तिथेच भागते. वीस वर्षांपूर्वी शोरूममधून निघालेली गाडी कशी वाजत होती, हे मालक विसरलेला असतो इतकेच.

त्यानंतरही बदल हवा असेल, तर दुकानातील डब्यांच्या पोटात काय आहे हे विचारून घ्यावे. पहिला प्रकार कप्प्यांचा. यात वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो आणि लाटा एकमेकींवर आदळून विरतात. आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत राहतो. दुसरा प्रकार सरळ आरपार छिद्रित नळीचा. तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते. ही लोकर उंच पट्टीतला कर्कशपणा चांगला शोषते, खर्ज मात्र तसाच जाऊ देते. म्हणूनच हा डबा नवा असताना गोड वाजतो. पण स्वस्त मालातील लोकर काही काळाने जळून, उडून जाते आणि मग उरते ती नुसती भोके पाडलेली नळी. दुकानात ऐकलेला आवाज दोन वर्षांनी कसा असेल, हा प्रश्न येथे विचारायला हवा. तिसरा, आवाजाच्या हौशी मंडळींना नीरस वाटणारा प्रकार म्हणजे आत नळ्या उलट-सुलट फिरवलेला डबा. बहुतेक कंपन्या मूळ गाडीत हाच वापरतात, आणि रोजच्या शहरी वापराला तोच सर्वांत सुसह्य ठरतो.

डबा लांब आणि पोटाने मोठा असेल, तर खर्जातला आवाज आवरण्यास त्याला वाव मिळतो. मनगटाएवढा चकचकीत डबा दिसायला देखणा असला, तरी भौतिकशास्त्रापुढे त्याचे काही चालत नाही.

घुमणारी केबिन

सायलेन्सर बदललेल्या एसयूव्हीच्या मालकांची सर्वांत मोठी तक्रार असते ती आवाज कमी-जास्त असण्याची नव्हे, तर घुमण्याची. शहरात मजेदार वाटणारी गाडी द्रुतगती मार्गावर एका ठराविक वेगाला अशी घुमू लागते, की मागच्या आसनावरील माणसाशी बोलणे अशक्य व्हावे. एसयूव्हीची केबिन म्हणजे मागे डिकीचा वेगळा कप्पा नसलेली एक लांबट खोली. तिची आतील लांबी सुमारे २.८ मीटर धरली, तर तिचा स्वतःचा सूर सेकंदाला ६० कंपनांच्या आसपास येतो. वर सांगितल्याप्रमाणे चार सिलिंडरचे इंजिन १८०० फेऱ्यांवर नेमके ६० ठोके देते. दोन्ही जुळले, की बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर बाटली वाजते तशी गाडी वाजू लागते. सेदान मोटारीत डिकी आणि मागच्या आसनाची भिंत आड येत असल्याने हा त्रास तुलनेने कमी जाणवतो.

यावर उपाय म्हणजे वाटेतील रेझोनेटर न काढणे. वजन आणि ‘अडथळा’ कमी करण्याच्या नावाखाली तो कापून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वास्तविक हा छोटा डबा नेमक्या त्रासदायक कंपनांना मारण्यासाठीच बसवलेला असतो. तो गेलेलाच असेल, तर मुख्य नळीला एका टोकाने बंद अशी एक आडशाखा जोडता येते. तिच्या टोकावरून परतणारी लाट मुख्य लाटेच्या नेमकी उलट येते आणि दोघी एकमेकींना शमवतात. सेकंदाला १०० कंपनांच्या घुमण्यासाठी ही शाखा सुमारे एक मीटर लांब लागते. ६० कंपनांसाठी तर त्याहून बरीच मोठी. गाडीखाली तेवढी जागा सापडणे कठीण असते, हे आलेच.

नळीच्या व्यासाबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. जिप्सीसारख्या लहान, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला अवाजवी रुंद नळी बसवली, तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरील ओढ घटते. चढावर, चिखलात नेमकी तीच ओढ लागते. मूळ व्यासापेक्षा फार तर थोडा मोठा व्यास पुरे. धातूबाबत एवढेच, की साधा पोलादी पत्रा कोकण-मुंबईच्या दमट हवेत टिकत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते, आणि घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत त्यातील बरेचसे डब्यातच साचते. स्टेनलेस स्टीलचा जादा खर्च अशा गाडीवर वसूल होतो.

कायदा काय म्हणतो

सायलेन्सरची नोंद आरसी बुकात नसते, त्यामुळे तो बदलण्यात बेकायदा काही नाही, असा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. तो अपुरा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे आणि वाहननिर्मितीच्या टप्प्यावर आवाजाच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाच्या मानकांचा भंग करून वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात स्पष्ट केले. जप्त सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांतील बहुतेक दुचाकींचे असले, तरी नियम चारचाकीलाही तोच आहे.

दुकानातला आवाज उघड्या रस्त्यावर ऐकलेला असतो. गाडी मात्र रात्री साडेअकराला सोसायटीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये शिरते. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. डेसिबलचे मोजमापही फसवे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. मोबाइलवरील मापकाचा आकडा पुरावा म्हणून धरू नये. मात्र एकाच जागी, एकाच अंतरावरून, एकाच फेऱ्यांवर बदलापूर्वी आणि बदलानंतर मोजले, तर फरक समजण्यापुरता त्याचा उपयोग होतो.

पेट्रोल गाडीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नये. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. तो काढल्याने आवाज वाढतो खरा, पण धूर विषारी होतो आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी अडकते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. अशा तपासणीत बदललेला सायलेन्सर नजरेत भरतो.

बसवताना एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. चौकोनी पाठीच्या गाडीमागे धावताना हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागच्या काचेकडे ओढला जातो. टेलपाइप बंपरच्या आत आखूड सोडली किंवा चाकापुढेच बाजूला काढली, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. कापडी छताच्या जिप्सीत तर अधिकच. या वायूला वास नसतो. नळीचे तोंड बॉडीच्या बाहेर येईल एवढे लांब ठेवावे, जोड शक्यतो क्लॅम्पने करावेत, म्हणजे पुढे सोडवता येतात. पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. उतरवलेला मूळ डबा भंगारात देण्याची घाई करू नये. नव्याचा आवाज नकोसा झाला किंवा आरटीओने आक्षेप घेतला, तर तोच परत चढवावा लागतो, आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचे अस्सल डबे बाजारात सहजासहजी मिळत नाहीत.