साडेसहाची कवायत

सकाळचे सव्वासहा वाजलेत आणि ऊन आताच चटके देतंय. ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. टोक्योत या दिवसांत सूर्य पाचच्या आधीच उगवतो. यानाका भागातल्या एका छोट्या बागेत मी उभी आहे. बाग म्हणजे एक घसरगुंडी, दोन झोपाळे, वाळूचा हौद, पाण्याचा नळ आणि कडेने चार-पाच दाट झाडं. त्या झाडांवर सिकाडांनी असा काही सूर लावलाय की शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागेल. बोलत मात्र फारसं कुणी नाही. येणारा प्रत्येक जण किंचित वाकून 'ओहायो गोझाइमास' म्हणतो आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभा राहतो. मलाही तेच अभिवादन मिळतं. कोण, कुठली, असं कुणी विचारत नाही.

बहुतेक मंडळी सत्तरी ओलांडलेली आहेत. डोक्याला टोपी, गळ्यात पातळ सुती पंचा. पाठोपाठ मुलं येतात. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी आहे, पण प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेलं एक कार्ड आहे. एक लहानगा डोळे मिटूनच चालतोय. त्याची ताई त्याला मनगटाला धरून ओढत आणते. एक आजोबा कापडी पिशवीतून रेडिओ काढतात, बाकावर ठेवतात, त्याची एरियल पूर्ण ताणतात आणि घड्याळाकडे बघतात.

साडेसहा. एनएचके रेडिओवर गाणं सुरू होतं, मग पियानो. उन्हाळ्यात हा कार्यक्रम देशभरातल्या निरनिराळ्या गावांतून थेट प्रक्षेपित होतो. आजच्या गावाचं नाव सांगितलं जातं, तिथल्या मैदानावरचा गलका ऐकू येतो आणि आमच्या बागेतले सगळे हात एकदम वर जातात.

हे 'राजिओ ताइसो', म्हणजे रेडिओवरची कवायत. पहिल्या भागात 13 प्रकार आहेत आणि तो तीन-सव्वातीन मिनिटांत संपतो. हात वर ताणणं, गुडघ्यात लवत हात झुलवणं, खांदे फिरवणं, छाती फुलवणं, कमरेतून बाजूला वाकणं. शिकवायला कुणी नाही आणि कुणाला गरजही नाही. पुढचा प्रकार कोणता ते सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. मी माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींकडे बघून हात हलवते. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो तिथेच थांबतो, डावा मात्र पूर्ण वर जातो, बोटांच्या टोकांपर्यंत ताणलेला. उड्या मारायची वेळ येते तेव्हा मुलं धपाधप उडतात. आजी टाचा जमिनीवरून जेमतेम उचलतात, पण ठेका एकदाही चुकवत नाहीत.

जपानी टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाने अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा रेडिओ-व्यायाम पाहून ही कल्पना उचलली आणि 1928 साली, सम्राट हिरोहितोंच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने, हा उपक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी, 1930च्या उन्हाळ्यात, टोक्योच्याच कान्दा भागातल्या एका पोलिसाने मुलांना पहाटे एकत्र जमवून कवायत घ्यायला सुरुवात केली. सुट्टीतल्या मुलांच्या कवायतीची प्रथा तिथून पसरली. त्याची आठवण सांगणारी खूण अकिहाबाराजवळच्या साकुमा बागेत आहे. इथून ती फार लांब नाही. युद्धाच्या वर्षांत हीच कवायत राष्ट्राला एका तालावर चालवण्यासाठी राबवली गेली आणि पराभवानंतर ती बंद पडली. 1951 साली ती नव्या हालचाली आणि नवं संगीत घेऊन परतली. आज वाजतंय ते तादाशी हात्तोरींचं संगीत त्याच वेळचं. दुसरा भाग त्यानंतरच्या वर्षी आला. त्याचं संगीत इकुमा दान यांचं, आपल्या ऑपेरांमुळे जपानभर गाजलेल्या संगीतकाराचं. या बागेतल्या थोरल्यांनी युद्धानंतरचं ते लहानपण पाहिलेलं आहे. आता इथे हुकूम द्यायला कुणी नाही. ही माणसं आपणहून आली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा भाग संपतो, दीर्घ श्वास घेऊन होतात आणि मुलं बाकापाशी रांग लावतात. रेडिओवाले आजोबा शिक्का आणि स्टँप पॅड काढतात. प्रत्येक कार्डावर तारखांचे चौकोन आहेत. आजोबा आजचा चौकोन शोधतात, शिक्का पॅडवर दोनदा दाबतात, कार्डावर टेकवतात आणि लगेच उचलत नाहीत. क्षणभर अंगठ्याने दाबून धरतात, म्हणजे कडा फुटत नाहीत. मघाशी झोपेत चालणारा छोटा आता टक्क जागा आहे. लाल शिक्क्यावर तो फुंकर मारतो आणि कार्ड शर्टाला लागू नये म्हणून हातभर लांब धरून घराकडे पळतो.

बागेबाहेर गल्ली जागी झालीय. यानाका 1923च्या भूकंपातून आणि युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून बऱ्याच अंशी वाचलं, म्हणून गल्ल्या अजून अरुंद आहेत, लाकडी घरं टिकून आहेत आणि दर वळणावर एखादं बौद्ध मंदिर आहे. एका दारात प्लॅस्टिकच्या निळ्या कुंडीत मॉर्निंग ग्लोरीचा वेल काठीवर चढलाय. शाळेत पहिलीतली मुलं हा वेल बी पेरून वाढवतात, सुट्टी लागली की कुंडी घरी आणतात आणि फुलांची नोंद वहीत ठेवतात. आज जांभळी फुलं उमललीयत. ऊन चढलं की मिटतील.

कोपऱ्यावर मघाच्याच आजी. आज जाळण्याच्या कचऱ्याचा वार आहे. पिशव्या आठच्या आत रस्त्याच्या कडेला ठेवायच्या असतात आणि त्यांच्यावर जाळी टाकायची असते, कारण जाड चोचीचे टोक्योचे कावळे पिशवी बघता बघता फोडतात. मी जवळ जाते तशा आजी जाळीचं एक टोक माझ्या हातात देतात. आम्ही दोघी जाळी ताणतो. कडेला ओवलेली वजनं आजी पायाने पिशव्यांखाली सरकवतात. विजेच्या तारेवरून एक कावळा हे सगळं बघतोय. आजी त्याला काहीतरी खणखणीत सुनावतात, माझ्याकडे बघून हसतात आणि घरात जाऊन बार्लीच्या गार चहाचा पेला आणून देतात. मी तो उभ्याउभ्याच पिते. भाजलेल्या धान्याची चव, साखर अजिबात नाही. या उकाड्यात याहून चांगलं काही नाही.

आज दुपारी मी असाकुसाचं सेन्सोजी मंदिर बघायला जाणार आहे. ते सुंदरच असणार. पण ते कितीतरी शतकांपूर्वी स्थापन झालेलं आहे आणि जगभरातून येणाऱ्यांची वाट बघत उभं आहे. ही गल्ली कुणाची वाट बघत नाही. इथली सकाळ आपोआप होत नाही, ती रोज कुणीतरी घडवतं. एकाने रेडिओ आणला, शिक्का मारला. ताईने भावाला उठवलं. आजींनी जाळी टाकली. यांतल्या कुणालाही आपण जपानचं दर्शन घडवतोय असं वाटत नाही, आणि मला देशाचं खरं दर्शन घडतं ते याच माणसांत. परक्या मुलखात गेलात तर एक तरी सकाळ अशी मोकळी ठेवा. कॅमेरा खोलीवर राहू द्या आणि हात रिकामे ठेवा, कारण कुणी जाळीचं टोक पुढे केलं तर ते धरता आलं पाहिजे.